गोडाऊनची मांडणी दर दोन-तीन महिन्यांनी परत बिघडते, त्याचं काय करायचं

आधी प्रॉब्लेम सांगतो, ज्यांच्याकडे हा आहे त्यांना लगेच ओळखू येईल. गोडाऊन एकदा नीट लावलं, चालणारा माल पुढे, पडून राहणारा मागे, दोन-तीन आठवडे सगळं मस्त, पोरं पटापट बिलं काढतात, आणि मग नक्की कधी ते कळत नाही पण परत टेफ्लॉन टेप (नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती, रोज लागणारी) मागच्या भिंतीपाशी गेलेली असते, पुढे कसल्यातरी झुंबरांच्या पेट्या आलेल्या असतात आणि संध्याकाळी पाच वाजता सगळे घामाघूम होऊन धावत असतात. आमच्याकडे हे तीनदा झालं. चौथ्यांदा अजून तरी झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गोडाऊन इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचा माल, धंदा काकांचा आणि गोडाऊन मी बघतो. १०० फूट लांब, ६० फूट रुंद, शटर एकच, शटरच्या आत लगेच पॅकिंगचं टेबल. आयटम ११०० च्या आसपास, म्हणजे सीपीव्हीसीच्या (नळाच्या प्लास्टिक पाइपांच्या) पाव किलोच्या फिटिंगपासून सबमर्सिबल पंपापर्यंत सगळं. महाराणी रोडचे दुकानदार दिवसभर माणूस पाठवून माल नेतात, आणि देवास, उज्जैन, धार, महू, खरगोनच्या पार्ट्यांचा माल संध्याकाळी ट्रान्सपोर्टला पोचवायचा असतो. ती गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांचा घास तोंडात असतानाच पार्टीचा फोन येतो.

पहिल्यांदा आम्ही कंपनीप्रमाणे लावलं होतं. म्हणजे या कंपनीची वायर, स्विच, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), पंखे सगळं एका रांगेत, त्या कंपनीचं दुसऱ्या. दिसायला छान दिसतं, कंपनीचा सेल्समन आला की खूश होतो, आणि स्टॉक मोजायला सोपं जातं हे खरंच. पण बिल काही एका कंपनीचं नसतं ना, एका बिलात चाळीस लाईनी आणि त्या सहा कंपन्यांच्या, मग पोरगा सहाही रांगा फिरतो.

दुसऱ्यांदा मी जरा हुशारी केली. टॅलीतून, म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून, वर्षभराची विक्री काढली, रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली, वरच्या ७० टक्के रकमेचा माल ए, मग बी, मग सी, आणि ए सगळा पुढे आणला. दोन रविवार गेले, हमालांचे पैसे वेगळे, आणि सोमवारी बघतो तर काय, पोरांचं चालणं वाढलं! कारण रकमेत वर कोण येणार, पंप, वायर, गिझर, पंखे. पंप दिवसाला तीन-चार जातात. आणि टेफ्लॉन टेप, जिची वर्षाची रक्कम बघून मुनीमजी हसतात, ती दिवसातून तीसेक बिलांत असते, आणि तिला मी सी म्हणून मागच्या भिंतीला पाठवलं होतं. मागची भिंत टेबलापासून ९० फूट, म्हणजे जाऊन-येऊन १८०, तीस वेळा म्हणजे ५४०० फूट, दीड किलोमीटरच्या वर, एका टेपेसाठी. एका फेरीत चार-पाच आयटम उचलतात म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही हे मान्य, पण तरी.

नंतर वाचताना कळलं की चूक माझीच होती, पद्धतीची नाही. एबीसी हे जनरल इलेक्ट्रिकमधल्या फोर्ड डिकीनं १९५१ साली मांडलं ते पैसा कुठल्या मालात जास्त अडकतो आणि कुठल्यावर बारीक लक्ष ठेवायचं हे ठरवायला. खरेदीसाठी ते आजही बरोबर आहे, आमची खरेदी त्यावरच चालते. पण माल कुठल्या खणात ठेवायचा हा प्रश्न पैशांचा नाही, पायांचा आहे. वेअरहाउसच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की माल गोळा करण्याच्या वेळातला निम्म्याच्या आसपास वेळ नुसता चालण्यात जातो, आणि आमच्या पोरांच्या मागे एक दिवस घड्याळ घेऊन फिरलो तर मलाही काही वेगळं दिसलं नाही.

तर पहिली तपासणी ही करा. तुमची ए-बी-सी कशावर काढलीय? रकमेवर असेल तर ती बाजूला ठेवा. नगावर असेल तरी बाजूला ठेवा, कारण ५०० एल्बो एका बिलात गेले तर हात एकदाच गेला. मोजायचं ते हे की त्या खणापाशी हात किती वेळा गेला, म्हणजे बिलातल्या लाईनी. एक्सेलमध्ये पिव्हट (आयटमप्रमाणे गोषवारा काढणारा तक्ता) लावताना तो स्वतःहून बेरीज घेतो, तिथे बेरीज बदलून काउंट करायचं, बस एवढाच फरक आहे आणि सगळी यादी उलटीपालटी होते.

पण यादी काढायच्या आधी डेटा साफ करावा लागतो, आणि इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

एक, साइज. आमच्या शीटमध्ये साइजचा वेगळा कॉलम होता, त्यात पाऊण इंच म्हणजे ३/४ आणि अर्धा इंच म्हणजे १/२. शीट उघडली की ३/४ चा झाला ३ एप्रिल आणि १/२ चा १ फेब्रुवारी. मी अर्धा तास विचार करत होतो की एल्बोच्या साइजमध्ये तारखा कोणी टाकल्या, मुनीमजींवर संशय घेऊन झाला, मग लक्षात आलं. त्या कॉलमला आधीच टेक्स्ट करून मग डेटा आणायचा, नंतर टेक्स्ट करून काही उपयोग नाही, तेव्हा तारखेच्या जागी पाच आकडी नंबर दिसतो.

दुसरं, एकाच मालाची दोन-तीन नावं. 'एल्बो पाऊण', 'सीपीव्हीसी एल्बो ३/४', आणि कोणीतरी घाईत बनवलेलं 'एल्बो नवीन'. तिघांची लाईन वेगवेगळी मोजली तर तिघंही यादीत खाली जातात आणि खरा पळणारा आयटम दिसतच नाही. हे हातानेच जोडावं लागतं, एक रात्र जाते, इलाज नाही.

तिसरं फार कमी लोक बघतात. आमच्याकडे पंपांचा बराच माल कंपनीच्या डेपोतून सरळ पार्टीकडे जातो, बिल आमचं बनतं पण माल आमच्या गोडाऊनला शिवतसुद्धा नाही. आणि मी त्या बिलांच्या जोरावर पंपांना पुढची जागा दिली होती! अशी बिलं आधी गाळा. तसंच रिटर्नच्या नोंदी आणि दुकानाला केलेली ट्रान्सफर, ती वेगळी करा. ट्रान्सफर गाळायची नाही, तिच्यात पण हात जातो, पण ती आम्ही सकाळी एकदम करतो त्यामुळे तिचं वजन कमी धरलं.

चौथं म्हणजे पूर्ण पेटी आणि सुटा माल. एखाद्या पार्टीनं २० कार्टन एलईडी बल्ब घेतले तर ते मागच्या थप्पीतून ट्रॉलीवर सरळ येतात, त्यांचा पुढच्या खणाशी संबंध नाही. पुढचा खण हा सुट्यासाठी असतो. म्हणून ज्या लाईनीत नग एका कार्टनच्या पॅकिंगएवढे किंवा जास्त आहेत त्या वेगळ्या काढल्या. बल्ब त्याने बराच खाली आला. वायरची बंडलं पण, ९० मीटरचं बंडल कोणी एक नेतं, कोणी पूर्ण पेटी नेतं, दोन्ही वेगळं मोजलं.

आता यादी तयार झाली तरी वरचे आयटम उचलून सरळ पुढे ठेवायचे नाहीत, कारण पुढची जागा मोजकी असते. आमच्याकडे टेबलापासून ३० फुटांच्या आत २४ खण येतात. लाईनींच्या हिशोबात सीलिंग फॅन बराच वर होता, दिवसाला नऊ-दहा लाईनी, पण त्याचे मॉडेल आणि रंग धरून दोन खण भरतात. म्हणजे एका खणामागे पाच लाईनी. आणि सीपीव्हीसीच्या फिटिंगचे चार आयटम एका खणात आरामात बसतात, प्रत्येकाच्या बाराएक लाईनी, म्हणजे त्या एका खणामागे पन्नासच्या जवळ. मग पुढची जागा कोणाला द्यायची हे सांगायला नको. हे काही माझं डोकं नाही, अमेरिकेतले प्राध्यापक जेम्स हेस्केट यांनी १९६३ मध्येच हे मांडलंय, मालाला लागणारी जागा भागिले त्याच्या ऑर्डरी, हा आकडा ज्याचा सगळ्यात लहान तो दाराजवळ. घनफूट मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही, खणाचा पाव, अर्धा, एक, दोन, एवढ्या मापानं काम झालं.

खणाच्या आत पण वर-खाली असतं. कमरेपासून खांद्यापर्यंतची उंची सगळ्यात महाग समजा, तिथे सगळ्यात जास्त लाईनीवाले. जड माल खाली. आणि सोल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाइप चिकटवायचा गम, ते आमच्याकडे खूप चालतं, यादीप्रमाणे ते शटरच्या उजव्या पहिल्या खणात यायला हवं होतं, पण तिथे वर मीटरचा बोर्ड आहे, आणि हा माल पेट घेणारा, म्हणून तो मुद्दाम चार खण पलीकडे ठेवला. यादी म्हणते म्हणून सगळं ऐकायचं नसतं. शिवाय त्याच्यावर एक्सपायरी असते, तर ज्याची तारीख आधी तो डबा समोर, एवढं पोरांना शिकवलं.

सोबत जाणाऱ्या मालाचं पण बघितलं. एकाच बिलात कोण कोणाबरोबर येतं, एल्बो-टी-टेप-सोल्व्हंट हे तर डोळे मिटून सांगता येतं, पण डीबी बॉक्सबरोबर (एमसीबी बसवायचा डबा) कुठला एमसीबी जास्त जातो ते बिलं बघूनच कळलं. जवळ ठेवले, फायदा झाला. एक चूक मात्र झाली, १६ अँपियर आणि २० अँपियरचे एमसीबी शेजारी-शेजारी ठेवले, दोन्ही चालणारे म्हणून. पेटी तशीच, रंग तोच, आकडा बारीक. त्या महिन्यात खरगोनच्या एका पार्टीचा माल दोनदा परत आला. आता दोघांच्या मध्ये मुद्दाम होल्डरचं खोकं ठेवलंय, चालायला एक पाऊल जास्त लागतं पण परतीची बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) भरण्यापेक्षा बरं.

इथपर्यंत तिसरी मांडणी. डेटा साफ, लाईनींवर यादी, जागेचा हिशोब, सगळं शास्त्रशुद्ध. पहिल्या आठवड्यात चाळीस लाईनींचं बिल पाऊण तासावरून पंचवीस मिनिटांवर आलं, काकांनी सगळ्यांना जलेबी मागवली. आणि सात आठवड्यांनी परत तेच, पाऊण तास.

खरं सांगतो, मला वाटलं पोरं मुद्दाम करतायत. मग एका बुधवारी दुपारी पुढच्या २४ खणांसमोर वही घेऊन उभा राहिलो आणि प्रत्येकात काय आहे ते लिहून काढलं, नंतर ती यादी मागच्या आठ आठवड्यांच्या लाईनींशी ताडून बघितली. चोवीसपैकी नऊ खणांत असा माल निघाला ज्याची आठ आठवड्यांत एकही लाईन नव्हती. मे महिना, बाहेर ४२ डिग्री, आणि कमरेच्या उंचीवर, सगळ्यात महाग जागेवर, गिझर.

हा गिझर तिथे कोणी ठेवला ते शोधायला मी त्याच संध्याकाळी थांबलो. साडेसहाला गाडी लागली. उतरवणारे हमाल आमचे पगारी नाहीत, नगावर पैसे घेतात, त्यांना पुढे अजून दोन गाड्या असतात. माल खूप, मागे अंधार, गल्लीत ट्रॉली अडकलेली. त्यातला वयानं मोठा, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो डोक्यावर पेटी घेऊन पुढच्या खणापाशी थांबला आणि मला म्हणाला, "भैया, यहाँ खाली है, रख दूँ?" आणि मी, फोनवर बोलता बोलता, हात हलवून म्हणालो, रख दो.

मग तोंडातून निघालेलं ऐकून मलाच हसू आलं. म्हणजे गेली दोन वर्षं हे असंच चालू होतं, आणि चोर मी स्वतः.

विचार केला तर गोष्ट अगदी साधी आहे. जो माल पटापट विकला जातो त्याचाच खण पटापट रिकामा होतो. म्हणजे पुढचे खण हे कायम रिकामे दिसणारच, ते चांगल्या मांडणीचं लक्षणच आहे. आणि आलेला माल नेहमी जवळच्या रिकाम्या जागेत जाणार, कारण उतरवणाऱ्याला घाई. पडून राहणारा माल एकदा तिथे बसला की तो उठत नाही, विकला जाईल तेव्हाच उठेल ना. मग टेप आली की तिला जागा नाही, ती मागे. म्हणजे मांडणी जितकी चांगली तितकी ती लवकर बिघडणार! तुम्ही यादी कितीही अचूक काढा, रिकामा खण कोणाचा हे ठरलेलं नसेल तर गोडाऊन आपोआप उलटं होत जातं. माझी तिन्ही मांडण्यांत हीच गोष्ट राहिली होती, आणि मी प्रत्येक वेळी नवीन यादी काढत बसलो.

तर उपाय असा केला. शटरच्या डाव्या हाताला १० बाय १२ फुटांचा चौकोन पांढऱ्या पेंटनं आखला, गाडीचा माल फक्त तिथेच उतरणार. हमाल उलट खूश, त्यांचं चालणं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेदहा, ऑर्डरी सुरू व्हायच्या आत, आमचाच पोरगा तो माल जागेवर लावतो. पुढच्या २४ खणांच्या कडेला पिवळा पट्टा मारला आणि वर पाटी लावली, हिंदीत, कारण वाचणारे ते वाचतात: 'खाली दिखे तो भी खाली नहीं है'. पूर्ण ट्रक आला तर चौकोनात मावत नाही हे खरं, तेव्हा मी स्वतः उभा राहतो आणि माल सरळ मागच्या थप्पीत, पिवळ्याला हात नाही.

काकांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, "अरे, भाडं आपण पूर्ण फुटांचं भरतो आणि तू पुढची जागा रिकामी ठेवतोस?" मी म्हटलं काका, तुम्ही एक आठवडा फक्त साडेचार वाजता गोडाऊनला येऊन बसा. ते चार दिवस आले. नंतर बोलले नाहीत, पण पाटीवर धूळ बसली होती ती त्यांनीच पुसलेली मी बघितली.

पुढच्या खणात किती माल ठेवायचा हा वेगळा मुद्दा आहे. सुरुवातीला भरगच्च भरला, तीन आठवड्यांचा, तर २४ खणांत मोजकेच आयटम मावले. मग एक दिवसाचा ठेवून बघितला तर पोरगा दिवसभर मागून आणून भरण्यातच धावतोय. आता पाच दिवसांचा ठेवतो, रोजची सरासरी गुणिले पाच आणि जवळच्या पाकिटाला राउंड, बाकीची कार्टनं मागे त्याच नंबरच्या थप्पीत. तुमच्याकडे सात दिवस असेल, चार असेल, करून बघा.

टॅलीत मुख्य गोडाऊनच्या पोटात छोटी गोडाऊन बनवता येतात, तर प्रत्येक खणाचं एक बनवावं असं मला पण वाटलं होतं. करू नका, निदान आमच्यासारख्या ठिकाणी तरी. बिल बनवताना मुनीमजींना दर लाईनीला खण निवडावा लागतो, ते घाईत यादीतला पहिलाच टाकतात, आणि आठवड्याभरात पहिल्या खणात कागदावर अख्खं गोडाऊन असतं. आम्ही आयटम आणि खणाचा नंबर एवढीच एक साधी शीट ठेवलीय. दर शनिवारी मी फक्त पुढचे २४ खण डोळ्यांनी बघून शीट दुरुस्त करतो, वीस मिनिटं लागतात, मागच्या खणांची शीट चुकली तर चुकू दे.

आणि त्या शीटवरून एकच आकडा काढतो, आठवड्याच्या एकूण सुट्या लाईनींपैकी किती पिवळ्या खणांतून निघाल्या. तिसऱ्या मांडणीच्या पहिल्या आठवड्यात तो ६८ टक्के होता. जुन्या वहीवरून हिशोब लावला तर सातव्या आठवड्यात ४१ आला. आता ६५ च्या वर-खाली असतो, आणि ६० च्या खाली गेला की मी समजतो कोणीतरी 'रख दो' म्हटलं. आधी पोरं ओरडायची तेव्हा कळायचं, आता दोन आठवडे आधी कळतं.

आकडा खाली जायचं दुसरं कारण सीझन. ते कोणाची चूक नाही, पण बघावं लागतं. आमच्या माळव्यात मार्चपासून कुलरचे पंप आणि पॅड सुटतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गव्हाच्या पाण्यासाठी स्टार्टर आणि सबमर्सिबलची केबल, मध्ये दिवाळीच्या लायटिंगच्या माळा, मग गिझर. फक्त वर्षभराची सरासरी घेतली तर कुलरचा पंप कधीच पुढे येणार नाही, फक्त मागचे आठ आठवडे घेतले तर सीझन अर्धा उलटल्यावर येईल. म्हणून दोन्ही बघतो, मागचे आठ आठवडे आणि गेल्या वर्षी याच सुमाराचे पुढचे आठ आठवडे.

यात दिवाळीनं मला फसवलं. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, मी २०२३ मध्ये त्याच तारखा धरून माळा पुढे आणल्या आणि ऑक्टोबर संपता संपता मागे पण नेल्या, शीट म्हणत होती आता लाईनी संपल्या. आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला! खरी गर्दी सुरू झाली तेव्हा माळा मागच्या भिंतीला. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, अरे, या वर्षी अधिक श्रावण नव्हता का, सगळे सण पुढे गेले, एवढं तुझ्या कॉम्प्युटरला कळलं नाही? आता दिवाळीच्या मालाचा हिशोब तारखेनं नाही, लक्ष्मीपूजनाच्या आधी किती आठवडे अशा पद्धतीनं लावतो.

आणि अजून एक, पूर्ण गोडाऊन हलवू नका. पहिल्या दोन वेळी आम्ही सगळं हलवलं, त्यात एक्झॉस्ट फॅनची एक पेटी हरवली ती आठ महिन्यांनी वायरच्या थप्पीमागे सापडली. आता महिन्यातून एका रविवारी सकाळी, फार तर २५ आयटम. शीटमध्ये दोन याद्या बनतात, पिवळ्यात आहेत पण लाईनी नाहीत ते आणि लाईनी आहेत पण मागे पडलेत ते, आणि जोड्या लावून अदलाबदल करायची. सीमेवरचे, म्हणजे पुढे आला काय मागे गेला काय फारसा फरक नाही असे, त्यांना हात लावत नाही, कारण पोरांच्या डोक्यात जागा बसलेली असते आणि तीच बदलली की चार दिवस ती जुन्या खणापाशी जाऊन उभी राहतात. नवीन आयटम आला, ज्याचा काही इतिहासच नाही, त्याला त्याच्यासारख्या जुन्या आयटमच्या शेजारी सहा आठवडे ठेवायचं आणि मग ठरवायचं.

एवढं करून एक गोष्ट मात्र जमलेली नाही, पाइप. सीपीव्हीसीचे तीन मीटर आणि पाच मीटरचे लांब पाइप, लाईनी भरपूर, यादीत पहिल्या वीसमध्ये, पण कुठल्याच खणात बसत नाहीत, आणि पुढे उभे केले तर शटरला अडतात. सध्या उजव्या भिंतीला आडवे अँगल ठोकून त्यावर ठेवलेत, टेबलापासून ५५ फूट. दुकानदाराचा माणूस पाच मीटरचा पाइप खांद्यावर घेऊन गल्लीतून वळतो तेव्हा सगळे खाली वाकतात. पुढच्या महिन्यात शटरच्या बाहेर शेडखाली स्टँड लावून बघणार आहे, पावसाचं पाणी तिकडे किती येतं ते आधी एकदा उभं राहून बघायला हवं.